पोटातलं ओठावर येऊ द्या: आशाताईंना खुलं पत्र

प्रति,
वर्धा जिल्ह्यातल्या सगळ्या आशाताई

ताईंनो, नमस्कार.

तुमच्यापैकी पुष्कळ जणी मला चेहऱ्याने ओळखता, नावाने नाही. ओटीच्या, म्हणजे ऑपरेशनच्या खोलीच्या, दारातून हिरवी टोपी घातलेली जी बाई डोकं बाहेर काढून "नातेवाईक कोण आहे?" म्हणून ओरडते, ती मी. मी भूल देते. आज पुलगाव, उद्या आर्वी, परवा हिंगणघाट, मध्येच रात्री समुद्रपूरकडून सिझरसाठी फोन, असा माझा आठवडा जातो. लोक मला 'सुईवाली मॅडम' म्हणतात आणि सुई देऊन झाली की विचारतात, "मोठे डॉक्टर केव्हा येतीन जी?" पूर्वी राग यायचा. आता हसते आणि पेशंटच्या उशाशी बसते. ऑपरेशन करणारे डॉक्टर हात धुऊन निघून गेले तरी मी तिथेच असते, पेशंट नाव विचारल्यावर नाव सांगेपर्यंत. (आपल्या शेजारच्या हैदराबादेत १८८९ च्या सुमारास रूपाबाई फर्दुनजी नावाची बाई क्लोरोफॉर्म देत होती. तिलाही हाच प्रश्न ऐकावा लागला असेल, अशी माझी खात्री आहे.)

हे पत्र डॉक्टरांना लिहायचं सोडून तुम्हाला का, ते सांगते.

मागच्या श्रावणातली गोष्ट. सहा वर्षांचा मुलगा, हर्नियाचं ऑपरेशन. सकाळी दहाची वेळ. मी आजीला विचारलं, पोराने काही खाल्लं का? "काई नाई मॅडम, पाण्याचा थेंब नाई." आईनेही मान हलवली. आत घेतलं, भूल दिली, आणि दोन मिनिटांत पोराच्या तोंडातून चहाच्या रंगाचं पाणी आलं. त्यात टोस्टचे भिजलेले तुकडे. झटकन कुशीवर वळवलं, टेबलाचं डोकं खाली केलं, सक्शनने घसा साफ केला. तरी थोडं आत गेलंच. ऑपरेशन बाजूला राहिलं. पोराला ऑक्सिजन लावून रुग्णवाहिकेत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं, तीन रात्री तिथे काढल्या. वाचला. आज शाळेत जातो.

आजी बाहेर भिंतीला टेकून बसली होती. मी रागावून विचारलं, तेव्हा म्हणाली, "पोट्टं रातीपासून उपाशी, अन् तुमी त्याले कापणार. दोन टोस बुडवून देले बाप्पा. कापाच्या आंधी लेकराच्या पोटात काईतरी पाह्यजे ना?"

माझा राग तिथेच गेला. तिने खोटं सांगितलं ते मायेपोटी. तिला कुणीच सांगितलं नव्हतं की उपाशी का ठेवायचं. सिस्टरने "काही देऊ नका" म्हटलं आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. मी स्वतः त्या पोराला पहिल्यांदा पाहिलं ते ओटीच्या दारात. यात माझी चूक आजीपेक्षा मोठी, हे मी कबूल करते.

कारण असं आहे. भूल म्हणजे झोप नव्हे. झोपलेल्या माणसाच्या घशात थुंकी अडकली तर तो ठसका देऊन उठतो. पूर्ण भुलीत हा ठसकाच बंद पडतो. पोटाच्या तोंडाची गाठही सैल होते. मग पोटातलं अन्न, त्यातल्या आंबट रसासकट, वर येऊन सरळ फुप्फुसात उतरू शकतं. ते फुप्फुस जाळतं, आणि मोठा तुकडा असेल तर श्वासाची वाटच बुजते. उपास त्यासाठी. देवाच्या उपासाशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून उपासाला चालणारी साबुदाण्याची उसळही इथे चालत नाही. हसू नका, हे मला दरवर्षी आषाढीला सांगावं लागतं.

वेळ किती? जेवण, भाकर, पोहे, बिस्किट, दूध, दुधाचा चहा, यानंतर निदान ६ तास. तळलेलं, मटण, तर्रीवालं काही असेल तर ८ तास. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईचं दूध ४ तास आधीपर्यंत. आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं! हे शेवटचं वाक्य अनेक दवाखान्यांतही सांगत नाहीत. 'रात्री बारानंतर काही नाही' असा सरसकट हुकूम देऊन मोकळे होतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. अशा दिवसात दुपारी दोनला नंबर असलेली म्हातारी बाई रात्री बारापासून कोरडी ठेवली तर तिचं बीपी माझ्या सुईआधीच खाली बसलेलं असतं. तेव्हा विचारा: नंबर किती वाजता, पाणी किती वाजेपर्यंत. विचारायला लाजू नका. अर्थात भूल देणारा डॉक्टर एखाद्या पेशंटला पाणीही नको म्हणाला, तर त्याचं ऐका, त्याला कारण असतं. दिवस भरलेल्या बाईचं पोट तर आम्ही नेहमी भरलेलंच धरतो, कारण कळा सुरू झाल्या की अन्न खाली फार हळू सरकतं.

आता तुमच्याकडे वळते. ती आजी मला खोटं सांगेल, पण तुम्हाला नाही. गावात कोण काय खातो, पितो, कुणाच्या घरी कोणत्या पुड्या येतात, हे तुमच्या रजिस्टरमध्ये नसलं तरी डोक्यात असतं. मला ते हवं आहे. आणि खरं सांगायचं तर मला ते तुमच्या तोंडून नको, पेशंटच्या तोंडून हवं आहे. तुम्ही फक्त त्यांच्या पोटातलं ओठावर आणा.

पहिलं, दारू. आपला जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा. त्यामुळे माझ्या कागदावर वर्धा जिल्ह्यात कोणीच पीत नाही. विचारलं की आधी बायकोकडे बघतो, मग छताकडे, मग म्हणतो, "कवा कवा. लग्नागिग्नात." रोज मोहाची घेणाऱ्या माणसाला भुलीचं औषध जास्त लागू शकतं, त्याचं यकृत थकलेलं असतं, आणि ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस दारू मिळाली नाही की तो थरथरतो, भ्रमिष्टासारखा बडबडतो, सलाईन उपटून पळतो. आधी कळलं तर त्यावर औषध आहे. मी पोलीस नाही. माझ्या कागदावरून कुणाच्या घरी धाड पडत नाही.

दुसरं, खर्रा. याच्याबद्दल मला जरा जास्तच बोलायचं आहे, कारण याने माझी झोप उडवली आहे. पन्नीत चोळलेली सुपारी, तंबाखू, चुना, दिवसातून आठ-दहा वेळा गालात. सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू कडक, पांढरी, दोरीसारखी होते आणि तोंड उघडणं बंद होतं. पेशंटला वाटतं, तिखट झोंबतंय एवढंच. पण पूर्ण भुलीत श्वास चालू ठेवायला मला घशातून एक नळी श्वासनलिकेत घालावी लागते, आणि त्यासाठी तोंड उघडावं लागतं. गेल्या वर्षी चोवीस वर्षांचा एक मुलगा आला, अपेंडिक्स फुटायला आलेलं. म्हटलं, आ कर. दीड बोट उघडलं. म्हटलं, अजून. तो म्हणाला, "मॅडम, हेच पुरं हाय." एवढ्या फटीतून नेहमीची नळी जात नाही. दुर्बिणीने नाकातून नळी टाकता येते, पण ती दुर्बीण तालुक्याच्या दवाखान्यात कुठली? त्याला पाठीत सुई देऊन निभावलं. पण ती सुई चढली नसती तर? तो तासभर मी मॉनिटरवरचा आकडा सोडून दुसरीकडे पाहिलं नाही.

म्हणून तुम्हाला एक तपासणी शिकवते, पैसा लागत नाही. पेशंटला त्याचीच तीन बोटं, उभी, एकावर एक, दातांच्या मध्ये घालायला सांगा. तिन्ही गेली तर ठीक. दोनच गेली किंवा दीड, तर तालुक्याच्या दवाखान्यात तारीख घेण्याआधी मला किंवा जो कोणी भूल देणार असेल त्याला फोन करा. कदाचित मी म्हणेन, सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या मेडिकल कॉलेजात न्या. ती जबाबदारी टाळणं नाही. तिथे ती दुर्बीण आहे आणि माझ्याकडे ती नाही, एवढंच.

तिसरं मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, म्हणजे पुस्तकात होतं, पण कापसाच्या शेतात ते कसं दिसतं हे नव्हतं. कपाशीवर फवारणी करून आलेला माणूस. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते आठवत असेल. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या जातीची औषधं अंगात गेली की रक्तातलं एक द्रव्य (एन्झाइम) निकामी करतात. नळी घालताना स्नायू सैल करायला आम्ही स्कोलीन नावाचं इंजेक्शन देतो, ते मोडून टाकणारं द्रव्य हेच. एरवी स्कोलीन पाच-दहा मिनिटांत उतरतं. एकदा सप्टेंबरात फासा पडलेल्या आतड्यासाठी आणलेल्या एका माणसाला मी ते दिलं आणि ऑपरेशन संपल्यावर वाट पाहत बसले. श्वास येईना. बोटही हलेना. मशीन तर दुसऱ्या पेशंटला हवं होतं, म्हणून मी हाताने फुगा दाबत बसले, मग सिस्टर, मग वॉर्डबॉय, आळीपाळीने तीन तास. मग त्याने भुवई हलवली. बायकोला विचारलं तर म्हणाली, चार दिवस सारखी फवारणी चालू होती, परवा उलट्याही झाल्या होत्या. आधी कळलं असतं तर मी दुसरं औषध वापरलं असतं. पर्याय होता, बातमी नव्हती. हे द्रव्य परत भरून यायला आठवडे लागतात. तेव्हा पावसाळ्यात ऑपरेशनला येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला, आणि निंदणाला जाणाऱ्या बाईलाही, विचारा: फवारा कधी मारला, कोणतं औषध, डोकं जड झालं होतं का. जमलं तर डब्याचा फोटो मोबाईलवर आणा.

गोळ्यांचं थोडक्यात सांगते. "एक पांढरी हाय, एक गुलाबी" असं सांगून उपयोग नाही, पिशवीच आणा, रिकाम्या पत्त्यांसकट. बीपीच्या काही गोळ्या त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्याच असतात, काही आदल्या दिवशी थांबवतो. कोणती कोणती, ते मी सांगेन, शेजाऱ्याने नाही. मिरगीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या सहसा बंद करायच्या नसतात. शुगरच्या गोळ्या उपाशीपोटी गिळून येऊ नका. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी तर तीन दिवस आधीच थांबवावी लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधी कळायला हवं, कारण त्यावर पाठीत सुई देणं धोक्याचं. दम्याचा पंप हातात घेऊन या. आणि बाजाराच्या दिवशी सांधेदुखीच्या पुड्या देणारे जे 'डॉक्टर' येतात, त्यांच्या पुडीत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, म्हणून तर गुडघा लगेच बरा वाटतो. महिनोन्महिने ती घेतली की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडून देतं, आणि ऑपरेशनच्या ताणात बीपी असं कोसळतं की कारण सापडत नाही. पुडी घेतो हे सांगायला लाज वाटते लोकांना, डॉक्टर रागावतील म्हणून. मी रागावणार नाही, वचन.

सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. १ जुलै २०२३ ला त्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हापासून तुम्ही दारोदार बोटं टोचत फिरला आहात. फक्त ते तपासणीचं कार्ड घरच्या पेटीत राहतं आणि पेशंट ओटीत येतो. ऑक्सिजन कमी पडला, शरीर गार पडलं, पाणी कमी झालं, की त्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नसा तुंबतात. आणि ओटीत एसी असतो, पेशंट उपाशी असतो, म्हणजे यातल्या दोन गोष्टींची सोय आम्हीच करून ठेवलेली! आजार माहीत असेल तर मी आधीपासून सलाईन सुरू करते, गरम पांघरूण घालते, ऑक्सिजन जास्त वेळ ठेवते. आजार नसून नुसता वाहक असेल तर बहुतेक वेळा काही अडत नाही, पण तरी सांगा.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "पाठीतल्या सुईनं कंबर जाते ना मॅडम?"

नाही जात. अर्ध्या मिलीमीटर जाडीची ती सुई. मोठ्या माणसात पाठीचा मुख्य मज्जारज्जू जिथे संपतो, त्याच्या खाली, नुसत्या पाण्यात तरंगणाऱ्या धाग्यांच्या जागी ती जाते, दोन-अडीच मिली औषध सोडते आणि बाहेर येते. एकदोन दिवस टोचलेली जागा दुखते, जशी दंडातल्या इंजेक्शनची दुखते. सिझर झालेल्या बाईची कंबर वर्षभर दुखते, कारण नऊ महिने ती पोट वागवत होती, रक्त कमी आहे, आणि चाळिसाव्या दिवसापासून वाकून विहिरीचं पाणी ओढते आहे, बाळाला मांडीवर वाकून पाजते आहे. आपण दोष सुईला देतो, कारण सुई दिसते.

एक खरा त्रास मात्र होतो, तो लपवत नाही. काही जणींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं दुखतं, बसलं की दुखतं आणि आडवं झालं की थांबतं. पाठीतल्या पाण्याच्या पिशवीला सुईने पडलेलं बारीक छिद्र अजून बुजलेलं नसतं म्हणून. हे बहुतेक वेळा आठवड्याच्या आत आपोआप जातं, त्यावर औषध आहे, फारच झालं तर आणखी एक उपाय आहे. "भूत लागलं", "वाताचं आहे" म्हणून अंगारा लावत बसू नका, आम्हाला फोन करा. आणि डोकेदुखीसोबत ताप, मान आखडणं, पायात बळ न येणं असलं तर त्याच दिवशी घेऊन या, रात्र काढू नका.

बाईला आधी एवढं सांगून ठेवा. सुई देताना बसून पाठ बाहेर काढायची, रुसून बसलेल्या मांजरीसारखी. पाय आधी गरम होतील, मग जड, मग आपले नाहीतच असे वाटतील. दोन-चार तासांत परत येतात. ऑपरेशनमध्ये जागी असेल, ओढल्यासारखं, दाबल्यासारखं कळेल, पण चिरल्याचं कळणार नाही. कळलं तर तिने मोठ्याने सांगायचं, दात-ओठ खाऊन सहन करायचं नाही. मळमळलं तरी सांगायचं, ते बीपी उतरल्याचं लक्षण असतं आणि माझ्या हातात त्याचं इंजेक्शन तयार असतं. नंतर थंडी भरून हुडहुडी येते, ती तापाची नसते. हे आधी माहीत असलेली बाई आणि माहीत नसलेली बाई, दोघींच्या नाडीत मला फरक दिसतो.

बारीकसारीक गोष्टी. हलणारा दात, कवळी, दोन्ही आधी सांगा. नेलपॉलिश काढा, बोटावर लाल दिवा लावून आम्ही ऑक्सिजन मोजतो. लग्नसराईत मेहंदीचा हात असेल तर निदान एक बोट सोडा. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र काढावं लागतं, कारण आत विजेच्या चिमट्याने रक्त थांबवतात आणि धातूच्या जागी चटका बसू शकतो. सासूबाई ऐकत नसतील तर आदल्या दिवशी हळदीकुंकू लावून त्यांच्याच हाताने काढून घ्या आणि काळ्या दोऱ्यात मणी ओवून गळ्यात राहू द्या. याने माझी दहा मिनिटांची वादावादी वाचते. लेकराला सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढे जाईल. बापाची मजुरी बुडते, म्हणून आई खोकला लपवते, हे मला कळतं, पण तसल्या छातीला भूल दिली तर श्वासनलिका आवळते. दोन-तीन आठवडे थांबणं स्वस्त पडतं.

आणखी एक, जरा कुजबुजून. भुलीचा संमतीचा कागद वेगळा असतो. अंगठा लावायच्या आधी तो वाचून दाखवा. आणि कोणत्याही दवाखान्यात, सरकारी असो की खासगी, पेशंटला विचारायचा हक्क आहे: भूल कोण देणार, तो ऑपरेशन संपेपर्यंत थांबणार का, ऑक्सिजन आणि मॉनिटर आहे का. काही ठिकाणी जो कापतो तोच सुई देतो आणि मग उशाशी कोणीच नसतं. मी असं पाहिलं आहे. कुठे, ते लिहीत नाही.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, झालं, मॅडमनी आणखी एक काम आमच्या डोक्यावर टाकलं, याचा मोबदला कोणत्या कॉलमात लिहायचा? बरोबर आहे. कॉलम नाही. तो असावा, असं मी तालुक्याच्या बैठकीत बोलले होते. चहा आला आणि विषय गेला. परत बोलेन. तोवर मी माझ्याकडून एवढं करते: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच ते सहा मी पेशंटशी फोनवर बोलेन. फक्त तेव्हा सासू, नवरा, दीर यांना पाणी आणायला किंवा गोठ्यात पाठवा. दोन मिनिटं पुरतात. ज्या बाईने मला सगळ्यांसमोर "काही नाही" सांगितलं होतं, तिनेच एकटी असताना सांगितलं की पाळी चुकली आहे. गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं तिचं.

पुढच्या मंगळवारी कुटुंब नियोजनाचं शिबिर आहे. यादीत नऊ जणी आहेत. मी साडेसातला पोचते. जिला सोबत आणाल तिच्या गोळ्यांची पिशवी, सिकलसेलचं कार्ड आणि तीन बोटांचा हिशोब घेऊन या. आणि आजीबाई सोबत असतील तर टोस्टचा पुडा तुमच्या पर्समध्ये ठेवा. ऑपरेशन झालं, उलटी नाही, पेशंट नीट जागी आहे असं मी सांगितलं, की तो पुडा आजीच्याच हातात द्या.

तुमची,
सुईवाली मॅडम